वेळ चढाची मोजा, उताराची नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पाचगणीच्या एका व्यावसायिक गृहस्थांचं पत्र छापून आलं. उस्तादांच्या स्मरणार्थ दर हिवाळ्यात वाईहून निघणारी सायकल फेरी बंद करावी, घाटात सायकली पळवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे आणि वर पर्यटकांची अडवणूक होते ती वेगळीच, असं त्यांचं म्हणणं. त्याच अंकात आतल्या पानावर फेरीच्या तयारीची छोटी बातमी होती. यंदा वाईपासून साताऱ्यापर्यंतच्या सगळ्या अंतराची वेळ लावणार आणि कमीत कमी वेळात येणाऱ्या पहिल्या तिघांना रोख बक्षीस देणार, असं त्यात होतं. दोन्ही वाचल्यावर गप्प बसवेना. मी एसटीत चालक होतो. वाई-महाबळेश्वर आणि मेढा या मार्गांवरच माझी बहुतेक नोकरी झाली. पसरणीचा आणि केळघरचा घाट मी धुक्यात, धो धो पावसात, मे महिन्याच्या गर्दीत, सगळ्या हंगामांत चालवला आहे. म्हणून दोघांनाही सांगावंसं वाटतं. फेरी बंद करू नका. आणि संयोजकांनो, उताराला घड्याळ लावू नका.

वाईबाहेरच्या वाचकांना उस्ताद कोण ते ठाऊक नसेल. त्यांचं सायकल मार्ट होतं. तासावर सायकली भाड्यानं द्यायचे, पंक्चर काढायचे, रिमचा आउट म्हणजे वाकडेपणा काढायचे. तरुणपणी ते मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. त्या शर्यतीत खंडाळ्याचा घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि त्याचं बक्षीस वेगळं असतं. उस्तादांना ते कधी मिळालं नाही. पण सायकलवाल्याचा खरा कस चढावर लागतो, हे त्यांच्या मनात तिथूनच पक्कं बसलं. दुकानात भिंतीवर एक फळा होता. त्यावर खडूनं पोरांची नावं आणि प्रत्येकाच्या पुढं मिनिटं, पसरणी गाव ते दांडेघर नाका, म्हणजे घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मागच्या वेळेपेक्षा आपली किती मिनिटं कमी झाली हे जो तो येऊन बघायचा. कोणी दुसऱ्याच्या आकड्याकडे बोट दाखवलं की उस्ताद म्हणायचे, “त्याचं त्याला राहू दे. तुझा मागचा आकडा बघ.”

मोबाईल नव्हते तेव्हा ही वेळ कशी मोजायचे ते मला चांगलं माहीत आहे, कारण त्यात आमच्या गाडीचाही वाटा असायचा. सकाळी आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी वेळ सांगतात, त्यावर उस्ताद दोन एचएमटी घड्याळं जुळवून घ्यायचे. एक त्यांच्या मनगटावर, दुसरं पहिल्या गाडीनं वर, नाक्यावरच्या चहावाल्याकडे. खाली पसरणीत पोरगं सुटलं की चिठ्ठीवर नाव आणि सुटल्याची वेळ सेकंदासकट लिहायची. शेवटचा सुटला की चिठ्ठी मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या हातात. “एवढी वर पोचवा, ड्रायव्हरसाहेब.” ती चिठ्ठी मी सनव्हायझरमध्ये खोचायचो. बुवासाहेबाच्या मंदिराच्या आसपास पोरं दिसायला लागायची. सीटवरून उठून पायडलवर उभी, शर्ट पाठीला चिकटलेले, हँडल डावी-उजवीकडे झोके खातंय. मी हॉर्न द्यायचो नाही. सेकंड गिअरमध्ये मागं राहायचो आणि समोरचं नीट दिसेल असा सरळ तुकडा आला की बाजूनं काढायचो. खिडकीतून बाया-माणसं ओरडायची, “चल बाळा, आलाच नाका.” वर चहावाला वहीत पोचल्याची वेळ लिहायचा. वजाबाकी संध्याकाळी दुकानात, सगळ्यांसमोर, खडूनं.

त्या फळ्यावर उताराची वेळ कधीही लागली नाही. एकदा एक पोरगा छाती फुगवून सांगत आला की नाक्यापासून पसरणीपर्यंत १५ मिनिटांत उतरलो. मी तेव्हा दुकानाच्या बाकावर बसलो होतो. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी त्याची सायकल उलटी केली, पान्यानं मागच्या ब्रेकचे दोन्ही रबर काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. एका रबराची एक बाजू पार झिजून आतला पत्रा उघडा पडला होता. मग विचारलं, “हे वाटेत गेलं असतं, तर काय लावलं असतंस?” नवे रबर बसवले, पण सायकल आठवडाभर दुकानातच ठेवून घेतली. पोरगा रोज येऊन दारात उभा राहायचा. उस्ताद त्याला चहा पाजायचे, सायकल द्यायचे नाहीत.

उस्ताद आजारपणात गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या हाताखाली वाढलेल्या पोरांनी (आता त्यांचीही पोरं कॉलेजात आहेत) ही फेरी सुरू केली. रस्ता असा: वाईहून पसरणी घाटानं पाचगणी, तिथून महाबळेश्वर, केळघर घाट उतरून मेढा, वेण्णेच्या कडेनं सातारा, आणि शेवटी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट. घड्याळ दोनदाच लागतं, पसरणीच्या चढाला आणि यवतेश्वरच्या चढाला. मधल्या सगळ्या रस्त्यात कोणी कुठं थांबलं, चहा प्याला, स्ट्रॉबेरी खाल्ली, मागं राहिलेल्या मित्राची वाट बघितली, तरी त्याचं काही बिघडत नाही. पहिल्या सायकलवाल्याला काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी, झेंडा दाखवून सोडतात. उस्तादांचा दुसरा नियमही पाळला जातो. शेवटचा माणूस वर येईपर्यंत वही मिटायची नाही.

आता संयोजकांचं म्हणणं मला कळतं. मी त्यांच्याशी बोललो आहे. पोरं मनानं चांगली आहेत. सगळ्या अंतराची वेळ लावली तर पुण्या-कोल्हापूरचे नावाजलेले सायकलपटू येतील, बातम्या होतील, प्रायोजक मिळतील, असं त्यांना वाटतं. एका प्रायोजकानं तशी अटच घातली आहे असंही ऐकतो. पण सगळ्या अंतराला घड्याळ लावलं की केळघरच्या उतारालाही लागलं. चढावर घाम गाळून मिळवलेली दोन मिनिटं कोणी उतारावर जीव धोक्यात घालून मिळवू शकतो, हे एकदा दिसलं की कोण मागं राहील? विशीतल्या पोराला तिथं ब्रेक दाब म्हणून सांगून उपयोग नाही. घड्याळ त्याला दाबू नको म्हणत असतं.

घाटात गाडी चालवणाऱ्याच्या जागेवरून हे कसं दिसतं ते सांगतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे प्रत्येक नव्या चालकाच्या कानावर पडतं, कारण उतारावर गाडी धरून ठेवायचं काम ब्रेकपेक्षा इंजिन करतं. सायकलला इंजिन नाही. फ्रीव्हील सुटं फिरतं आणि सगळा भार त्या बोटाएवढ्या रबरांवर किंवा डिस्कवर येतो. रिमवर ब्रेक घासत लांबचा उतार उतरलं की रिम तापते, आणि फार तापली तर आतली ट्यूब फुटू शकते. ताशी ५० किलोमीटरनं येणारी सायकल एका सेकंदात १४ मीटर पुढं जाते. आमची गाडी ११ मीटरच्या आसपास लांब असते. म्हणजे चालकानं तिला पाहिलं आणि ‘अरे’ म्हटलं, तेवढ्यात ती गाडीच्या लांबीपेक्षा जास्त रस्ता कापून मोकळी झाली. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

त्यात आमच्या गाडीचं वळण. यू आकाराच्या वळणावर लांब गाडीचं तोंड पलीकडच्या बाजूला नेल्याशिवाय मागची चाकं आतल्या कडेवरून सुटत नाहीत. म्हणजे दोन-तीन सेकंद अख्खा रस्ता आमच्या ताब्यात असतो. त्याच दोन-तीन सेकंदांत वरून वेळेशी झगडणारा पोरगा आला, तर त्याच्यापुढं एक कठडा, एक गाडी आणि एक दरी एवढंच उरतं. चालकाची चूक नाही, पोराचीही म्हणता येणार नाही. त्याला तसं यायला कोणी भाग पाडलं, हा प्रश्न मात्र मग सगळे विचारतील.

चढावर याच्या बरोबर उलट. सायकल ताशी १०-१२ किलोमीटरनं चाललेली, मागं गाडी सेकंड गिअरमध्ये. दोघांच्या वेगात फारसा फरक नाही. सायकलवाला पडला तरी बहुतेक वेळा तिथंच आडवा होतो, कोपर खरचटतं. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे, आणि घाटातली जुनी माणसं तो अजून पाळतात. चढाची स्पर्धा घाटाच्या रीतीत बसते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्याच घाटात होते आणि देशभरातून माणसं येतात, ती त्या चढाच्या ओढीनंच.

आता पाचगणीच्या गृहस्थांकडे वळतो. अडवणूक होते ही त्यांची तक्रार खोटी नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांना एकदम सोडलं होतं आणि रस्ताभर घोळका झाला होता, मागं गाड्यांची रांग लागली होती. त्यानंतर एकेकाला सोडायला लागले. हिशेब साधा आहे. अर्ध्या मिनिटाला एक सायकल सोडली आणि ती ताशी १२ किलोमीटरनं चढत असली, तर दोघांमध्ये १०० मीटर अंतर पडतं. एवढ्या जागेत एसटी काय, मालट्रकही एकाला ओलांडून आत शिरतो आणि दुसऱ्याला ओलांडायला पुढच्या सरळ तुकड्याची वाट बघतो. १२० जण असले तरी तासाभरात सगळे सुटलेले असतात. पर्यटकांच्या गाड्या पुण्याहून वाईत पोचेपर्यंत निम्मे सायकलवाले वर नाक्यावर केळी खात उभे असतात. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात जी कोंडी होते ती कशानं होते, हे त्या गृहस्थांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वळणावर गाडी लावून फोटो काढणारे आणि माकडांना खाऊ घालायला थांबणारे त्यांनी रोज पाहिले असतील.

फेरी बंद केल्यानं ती पोरं घाटात जायची थांबणार नाहीत, हेही त्यांनी लक्षात घ्यावं. एकटी जातील, भल्या पहाटे, कोणी झेंडा घेऊन उभं नसताना. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये हल्ली कोणीही कुठल्याही रस्त्याच्या तुकड्याची वेळ लावू शकतो, उताराच्याही. गेल्या वर्षी फेरीत केळघरच्या उतारावर एक मुलगा खडीवरून घसरून पडला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. फेरीत उताराला वेळ नव्हती. तरी तो जोरात का येत होता? दवाखान्यात त्यानं आईला सांगितलं की मित्राची अ‍ॅपमधली वेळ मोडायची होती. त्याच्या खिशातलं घड्याळ आपल्याला थांबवता येणार नाही. पण आपण स्वतः त्याच उतारावर वेळ नोंदवणारी चटई टाकून सायकलवरची चिप वाचायला बसलो, तर त्याला अडवायला तोंड राहणार नाही.

स्पर्धा नको असं मी म्हणत नाही. सगळ्या अंतराची स्पर्धा हवी असेल तर रस्ता पूर्ण बंद करून, प्रत्येक वळणावर माणूस ठेवून, मागंपुढं गाड्या आणि रुग्णवाहिका देऊन ती घेतात. फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीत तसं असतं, आणि तिथंही डोंगर चढण्यात पुढं असणाऱ्याला लाल ठिपक्यांचा वेगळा पांढरा सदरा १९७५ पासून देतात. उतारासाठी असा सदरा नाही. दुसऱ्या टोकाला ब्रेव्हे नावाच्या लांब फेऱ्या आहेत, आपल्या भागातही निघतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, एवढ्या वेळात आलात की झालं. पहिला-दुसरा असा क्रमांकच नसतो. आमची फेरी या दोन्हींच्या मधली आहे. हौशी माणसांची, रहदारी चालू असलेल्या रस्त्यावरची, आणि ज्याच्या नावानं निघते त्याच्या स्वभावाची. नावाजलेला सायकलपटू आला तर त्याचं स्वागतच आहे. पसरणीचा चढ त्याला पुरून उरेल. वाई ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १३०० च्या जवळपास, मध्ये १२-१३ किलोमीटर रस्ता. मांड्या पेटायला तेवढं बास आहे.

चिपला माझा विरोध नाही. दोन चटया पसरणीला, एक पायथ्याला आणि एक नाक्यावर, तशाच दोन यवतेश्वरला. यंत्र तेच, खर्चही फार वाढणार नाही. प्रायोजकाला फलक लावायला दांडेघर नाक्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथं माणूस हळू येतो, थांबतो, फोटो काढतो. सत्तरच्या वेगानं जाणारा कोण फलक वाचणार आहे?

रोख रकमेचं मात्र मन मानत नाही. द्यायचेच असतील तर ते पैसे साध्या सायकलींच्या गटाला द्या. याचाही हिशेब घ्या. ६० किलोचा पोरगा ८ किलोच्या कार्बनच्या सायकलवर बसला तर घाट ६८ किलो वर न्यायला लावतो. तोच पोरगा २० किलोच्या काळ्या सायकलवर बसला तर ८० किलो. चढावर बहुतेक सगळी ताकद वजन उचलण्यातच जाते, त्यामुळे एकाला ४० मिनिटं लागत असतील तर तेवढ्याच दमाच्या दुसऱ्याला ४७ लागणार, आणि त्याला गिअर नाहीत ते वेगळंच. मागच्या फेरीत मेणवलीकडची एक मुलगी शाळेला जायच्या सायकलवर आली होती, मागं कॅरिअर, पुढं बास्केट. दोन ठिकाणी उतरून तिनं सायकल ढकलली, पण वर आली. तिचं नाव यादीत खाली कुठंतरी होतं. उस्तादांच्या फळ्यावर ते खाली नसतं, कारण तिच्यासारख्या सायकलींचा रकाना त्यांनी वेगळा आखला होता. तो रकाना परत आणा.

तारखेबद्दलही दोन शब्द. नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस सोडा, घाटात पाय ठेवायला जागा नसते. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीची यात्रा असते. २००५ च्या जानेवारीत तिथं जी चेंगराचेंगरी झाली ती कोणी वाईकर विसरलेला नाही, आणि त्या दिवसांत पोलिसांकडे फेरीसाठी माणूस मागणंही बरं नव्हे. डिसेंबरच्या सुरुवातीचा रविवार बरा. आणि उजाडल्यावरच सोडा. उसाचा हंगाम चालू असतो, पहाटेच्या अंधारात मागं दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर कुठं उभी असेल सांगता येत नाही. ट्रॉलीवाल्यांनीही मागं रिफ्लेक्टर लावावेत, हे मी नोकरीत असल्यापासून सांगत आलो आहे.

केळघरच्या उतारावर संयोजकांनी एक गाडी सगळ्यांच्या पुढं ठेवावी आणि तिला कोणी ओलांडू नये असा नियम करावा. वळणांवरची खडी आदल्या दिवशी झाडून घ्यावी. झाडू मारायला आम्ही चार-पाच निवृत्त चालक-वाहक यायला तयार आहोत, आमचं तसं बोलणंही झालं आहे. बुवासाहेबाच्या वळणावर लाल झेंडा घेऊन मी उभा राहीनच. गाडी मोठं वळण घेतेय की नाही हे मला तिच्या आवाजावरून कळतं.

परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात जायला अजून अवकाश आहे. त्यात फेरीचं वर्णन बदलून ‘वेळ फक्त पसरणी व यवतेश्वर चढाची’ एवढं लिहावं, अशी संयोजकांना या पत्रातून विनंती करतो. आणि पाचगणीच्या त्या गृहस्थांना निमंत्रण. वर नाक्यावर वही घेऊन बसणारे जुने चहावाले आता थकले आहेत. तिथं दोन तास बसायला जबाबदार माणूस हवा आहे. येत असाल तर वाईत उस्तादांच्या दुकानात निरोप ठेवा, दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
वाई, जि. सातारा